मांडीतून की पोटातून

"मांडीतून करायचं की पोट उघडून, एवढंच आता तुम्ही ठरवायचंय," डॉक्टर अर्पिता म्हणाल्या आणि त्यांनी आबारावांच्या पोटाची फिल्म भिंतीवरच्या दिव्यावर लावली.

या डॉक्टर सोलापूरहून दर शनिवारी धाराशिवला यायच्या. मुतखड्यासाठी केलेल्या सोनोग्राफीत आबारावांच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलेली निघाली होती. फुटली तर दवाखाना गाठायलाही वेळ मिळत नाही, हे मागच्या शनिवारीच सांगून झालं होतं. टेबलावर विठाबाईंचा मोबाईल उताणा ठेवला होता. त्यातून मुलगा सुगत पुण्यात बसून ऐकत होता.

डॉक्टरांनी पुन्हा समजावलं. एक रीत अशी, की मांडीतल्या नसेतून तारेवरून कापडाची नळी आत न्यायची आणि फुगलेल्या जागी आतून बसवायची. दोन बारीक छेद, तीन-चार दिवसांत घर. शंभरात एखाद-दुसराच दगावतो. दुसऱ्या रीतीत पोट उघडायचं आणि फुगलेल्या जागी नळी शिवून टाकायची. त्यात शंभरात चार-पाच. आठ-दहा दिवस दवाखाना, पुढं तीन महिने जड उचलायचं नाही.

"आबा, ह्यात विचार कसला करायचा?" फोनमधून सुगत म्हणाला. "मांडीतूनच करा, डॉक्टर."

"व्हय, मांडीतूनच," आबाराव म्हणाले. तेरच्या शाळेत तीस वर्षं शिपाई होते. कशाला भ्यायचे नाहीत, पण पोट उघडायचं नाव निघालं की हात आपसूक पोटावर जायचा.

"मग दुसरं कशाला सांगता, बाई?" विठाबाईंनी विचारलं. "पयल्यात काय तरी खोट असंल."

"खोट नाही, मावशी. पण आतून बसवलेली नळी कधी सरकते, कधी कडेनं रक्त झिरपतं. दुखत नाही, त्यामुळं माणसाला कळत नाही. म्हणून दरवर्षी येऊन तपासून घ्यावं लागतं. शिवलेली नळी बहुतेक वेळा पक्की बसते. मग चार-पाच वर्षांनी बघितलं तरी चालतं."

"दरवर्षी म्हंजे किती वर्सं?"

"जन्मभर."

"कुणाच्या?"

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही.

विठाबाईंनी मग सगळं सांगितलं, दुसऱ्या कुणाच्या घरचं सांगावं तसं. आबारावांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून चार वर्षं झाली. डाव्याची तारीख होती त्या दिवशी विठाबाई कळंबला मैतीला गेल्या होत्या, तर हे गेलेच नाहीत. डावा अजून तसाच आहे. बीपीची गोळी हातावर ठेवली तर पोटात जाते, नाहीतर डबीत राहते. आणि विठाबाईंचं स्वतःचं काळीज दोनदा अडलेलं. दुसऱ्या वेळी मोठ्या डॉक्टरांनी सुगतला बाहेर नेऊन जे सांगितलं, ते दार नीट लागलेलं नसल्यामुळं त्यांनीही ऐकलं होतं.

"आई!" सुगतचा आवाज चढला. "मी आहे ना. मी नेईन दरवर्षी."

"तू येशील रं. हे गाडीत बसतील का, ते सांग."



"मावशी, एक समजून घ्या," डॉक्टर म्हणाल्या. "पोट उघडण्यात धोका जास्त आहे, आणि तो आत्ताच आहे. टेबलावर, आणि नंतरचे काही दिवस."

"आत्ता असंल तर असू द्या," विठाबाई म्हणाल्या. "आत्ता मी हाय."

आबाराव बायकोकडं बघत राहिले. मग डॉक्टरांकडं वळून म्हणाले, "पोटातनंच करा."

"काका, काळीज, फुफ्फुस चांगलं आहे तुमचं, झेपेल. पण कुणी सांगतंय म्हणून नको. पोट तुमचं आहे."

"लई भ्या वाटतंय," आबाराव म्हणाले. "पर हिचं खरं हाय. मी जात न्हाय."

ऑपरेशन सोलापुरात झालं. पाच तास चाललं. दुसऱ्या दिवशी आबारावांचं बीपी इतकं खाली गेलं, की सुगतला पुन्हा एका कागदावर सही करावी लागली. विठाबाई बाहेर बसून होत्या.  तिसऱ्या दिवशी आबारावांनी पाणी मागितलं.

सहाव्या दिवशी सिस्टरनं त्यांना चालायला लावलं. टाक्यांना आधार म्हणून एका हातानं पोटाशी उशी धरलेली, दुसरा हात विठाबाईंच्या खांद्यावर. व्हरांड्याच्या मध्यावर बाक होता. तिथं आल्यावर विठाबाईंनी खांद्यावरचा हात काढून भिंतीच्या दांडीवर ठेवला आणि त्या बाकावर बसल्या.

"दमलीस व्हय?"

"न्हाय. तुमी जावा. खिडकीपातूर जाऊन या."

आबाराव दोन पावलं गेले, थांबले, पुन्हा निघाले. खिडकीपाशी वळताना त्यांच्या हातातली उशी निसटून खाली पडली. वाकायची सोय नव्हती. त्यांनी मागं बायकोकडं बघितलं.

विठाबाईंनी बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. त्या उठल्या नाहीत.

आबाराव बराच वेळ तसेच उभे राहिले. मग वाटेनं चाललेल्या एका बाईला ते म्हणाले, "बाई, तेवढी उशी देता का?"