अर्धी तूर, अर्धी लाखोळी

शर्मिष्ठा ताटावरून उठली आणि मटकन खाली बसली. "मम्मी, पैर उठ ही नहीं रहा," ती हसत म्हणाली.

अपर्णाच्या हातातली पळी तिथेच थांबली. पोरीजवळ जायलाही तिला सुचेना.

कारण त्या वरणात काय आहे, ते तिला एकटीलाच ठाऊक होतं. पोरगी शाळेत धावण्यात पहिली येते, तिला दोन्ही वेळा घट्ट वरण द्या, असं शाळेतल्या सरांनी बजावलं होतं. तुरीचा भाव तर आभाळाला टेकलेला. म्हणून दिवाळीपासून ती बूढापाऱ्यातल्या दयारामच्या दुकानातून अर्धी तूर आणि अर्धी लाखोळी आणत होती. इकडे हिंदी मुलखात तिला तिवरा म्हणतात. दिसायला तुरीसारखीच, भावाने निम्मी. डब्यात दोन्ही मिसळल्या की झालं! नवऱ्याला नाही, सासूला नाही, कोणालाच तिने ताकास तूर लागू दिली नव्हती. रोज लाखोळी खाल्ली की माणसाचे पाय जातात, हे ती भंडाऱ्याला माहेरी लहानपणापासून ऐकत आली होती. पण आपण अर्धीच घालतो ना, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

आता ती समजूत कुठल्या कुठे पळाली. तिने पोरीचा पाय मांडीवर घेतला आणि अंगठ्याला करकचून चिमटा काढला.

"लागते का? सांग ना वं, लागते का?"

"आह! झुनझुनी है बस, मम्मी. छोड़ो ना."

शर्मिष्ठाने मुंग्या आलेला पाय दोनदा आपटला आणि खालून मैत्रिणीची हाक येताच ती जिन्याकडे पळाली. पायऱ्यांवरची धडधड अपर्णाने शेवटच्या पायरीपर्यंत ऐकली. तरी तिने डाळीचा डबा उचलला आणि ती कचऱ्याच्या बादलीकडे निघाली.

"काहून फेकून राहिली?" जेवता जेवता सासूने, अंजनाबाईंनी विचारलं. "लाखोळी हाय म्हणून?"

अपर्णा डबा घेऊन मागे वळली. "तुमाले माहीत होतं, आई?"

"पहिल्या घासाले समजलं. माहा बाप लाखोळी खाऊ खाऊच काठीवर आला. तिची चव मी विसरीन का?"

"मंग बोलल्या काहून नाही?"

"बोलून तुरीचा भाव उतरला असता का? पोट्टीले काय वाढलं असतं तू?" म्हातारीने वरण भातात कालवलं. "तू डाळ भिजू घालून आंघोळीले जाते, तवा मी ते पाणी फेकतो. वरून उकळतं पाणी ओततो, अन् तेही फेकतो. आमच्या गावच्या बाया तसंच करत."

अपर्णा डबा घेऊन तिच्यासमोर बसली.

"त्यानं सारं विष जाते का, आई?"

अंजनाबाईंचा हात ताटात थांबला. 

"रोज सकाळी खिडकीत काहून उभी राहतो मी?" त्या म्हणाल्या. "पोट्टी शाळेत जाते, तवा तिची चाल पाहतो."