दाखल्यापुरती तारीख

नर्सने बेलमिराच्या बोटावरचा रक्ताचा थेंब टिपून यंत्रात घातला. "तीन मिनिटं. आकडा पाचाच्या आत आला की सुटलो."

इदालिनाने शाळेचा कागद पर्समधून काढून मांडीवर सरळ केला. सोमवारी बालवाडी सुरू. रक्तातलं शिसं तपासल्याचा दाखला नसेल तर न्यू बेडफर्डची कुठलीही शाळा पोरीला वर्गात घेणार नव्हती. घर शंभर वर्षांचं, खिडक्यांना जुना शिशाचा रंग. घरमालकाशी भांडून घसा बसला, तेव्हापासून ती रोज सकाळी कामावर जायच्या आधी एकेक चौकट ओल्या फडक्याने पुसत आली होती.

"एवढी तर चर्चमधली वेदीसुद्धा कुणी पुसत नाही," तिचे वडील आवेलिनो म्हणाले. त्यांनी चाळीस वर्षं बोटीवर काढलेली. आता नात दिवसभर त्यांच्याकडेच असायची, बहुतेक धक्क्यावर. आत्ताही ती त्यांच्याच मांडीवर होती.

"बाबा, गप्प बसा हो जरा."

नर्सने यादीतला पुढचा प्रश्न वाचला. "घरी कुणी शिसं वितळवतं? मासेमारीची वजनं वगैरे?"

"छे!" आवेलिनो म्हणाले. "वितळवतोय कोण आता? दुकानातून शिशाच्या बारक्या गोळ्या आणायच्या नि गळाच्या दोरीला लावायच्या. झालं!"

"त्या मी लावते," बेलमिरा म्हणाली. "गोळीला फट असते ना, तिच्यात दोरी घालायची आणि कटकन चावायची. आजोबांच्या कवळीने चावलंच जात नाही. मग सगळ्या मीच चावते."

इदालिना वडिलांकडे वळली.

"बाबा?"

"आम्ही सगळेच चावायचो गं," आवेलिनो पुटपुटले. "मला माझ्या बापाने असंच शिकवलं."

यंत्र वाजलं. नर्सने आकडा दोनदा वाचला.

"एकोणीस. पण हे बोटाचं रक्त. खात्रीसाठी शिरेतून घ्यावं लागेल. आत्ताच घेऊ." मग तिने इदालिनाच्या मांडीवरचा कागद उचलला, तारीख घातली, सही ठोकली. "सोमवारी खुशाल पाठवा शाळेत."

"आणि आकडा? तो नाही लिहिला तुम्ही."

"शाळेला तपासल्याची तारीख पुरते. आकड्याला यात रकानाच नाही."

मोठी सुई बघून बेलमिराने ओठ काढला. "आजोबा, मला धरा ना!"

पण आवेलिनोंनी तिला केव्हाच खाली उतरवलं होतं. ते कोपऱ्यातल्या बेसिनपाशी पाठमोरे उभे होते, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, हाताला साबण.

"आलो, राणी. आलोच."

शेवटी इदालिनाने तिला धरलं. सुई आत गेली, नळी भरली, दंडाचा पट्टा सुटला, कापसाचा बोळा लागला. कोपऱ्यातला नळ अजून चालूच होता.