आजचं गिऱ्हाईक

"जगातल्या प्रत्येक वेबसाइटची नाडी आपल्या हातात!" साहेबांनी ग्राहकांसमोर छाती फुगवली आणि पडद्यावर नेमका लाल दिवा लागला. क्लाउडवरची ही देखरेख शेजारी उभ्या असलेल्या तरुण इंजिनिअरनेच उभारली होती. वेबसाइटवरच्या भेटी मोजणारा टॅग दोन दिवस गप्प राहिला की दिवा लाल. "काय बिघडलं?" साहेब कुजबुजले. "काहीच नाही," तो म्हणाला. चाचणीसाठी त्याने वडिलांच्या शिलाई मशीन दुरुस्तीची वेबसाइट जोडली होती. ती रोज एकच माणूस उघडायचा, खुद्द वडील, आणि भेटींचा आकडा बघून आईला ऐटीत सांगायचे, "आजही एक गिऱ्हाईक येऊन गेलं हो!" परवा ते वारले, रडायचं मुलाच्या अजून लक्षात आलं नव्हतं. बाहेर जाऊन त्याने घरी फोन लावला. "आई, बाबांच्या मोबाइलवर दुकानाची वेबसाइट उघडतेस?" आत दिवा हिरवा झाला, टाळ्या वाजल्या. "उघडलं रे," आई म्हणाली. "हे बंद कसं करायचं, तेवढं सांग."