पुढचे आसन

विमानाच्या डाव्या चाकाखालच्या काट्यावर वाकून रंगरावांनी आकडा वाचला आणि सवयीने म्हणाले, "लाभ."

"एक म्हणा," रामदास म्हणाले.

मार्केट यार्डात पहिल्या पोत्याला कोणी एक म्हणत नाही. मोजणी लाभापासून सुरू होते. मग दोन, मग तीन. रंगरावांची तीस वर्षे तशी गेली होती. रामदासांची तीस वर्षे प्रयोगशाळेत गेली होती आणि तिथे एकाला एकच म्हणत. रंगरावांनी टेम्पोतून आणलेले तिन्ही काटे त्यांनी सकाळीच प्रमाणित वजने ठेवून तपासले होते आणि प्रत्येकावर खडूने त्याची चूक लिहिली होती. तिसऱ्याची चूक शून्य होती. तेही लिहिले होते.

"बरं, एक," रंगराव म्हणाले. उरलेल्या दोन चाकांचे आकडे त्यांनी मुकाट्याने सांगितले. बेरीज तीनशे बारा झाली. "हलकंच हाय की हो, साहेब. कांद्याची सहा पोती."

लोणी काळभोरच्या या शेडमध्ये विमान चौदा वर्षे उभे होते. ते रामदासांनी स्वतः बांधले होते. तेव्हा सगळे होते, फक्त इंजिन नव्हते. परदेशातून आणण्याची सोय नव्हती. आता सोय झाली होती. मुलगी निकिता कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत गेली आणि तिथून तिने इंजिन पाठवले. गेल्या दीड वर्षात रामदासांनी वाळवीने खाल्लेल्या फळ्या बदलल्या आणि त्यांच्या पत्नीने, चंद्रभागाबाईंनी, पंखांचे कापड दुसऱ्यांदा शिवले.

"आता तू बस," रामदास त्यांना म्हणाले.

स्टुलावर पाय ठेवून, मध्ये एकदा थांबून, त्या पुढच्या आसनावर बसल्या. चालकाने मागे बसायचे आणि सोबत्याने पुढे, अशी त्या विमानाची रचना होती. पुढे वजन कमी पडले तर शेपूट जड होते आणि तसे विमान उडवू नये. चौदा वर्षांपूर्वीच्या तक्त्यात रामदासांच्या अक्षरात लिहिलेले होते: पुढचे आसन, चंद्रभागा, अठ्ठेचाळीस किलो. विमानाचा सगळा तोल त्या आकड्यावर बेतलेला होता.

रामदासांनी तिन्ही काटे पुन्हा वाचले, बेरीज केली, तीतून तीनशे बारा वजा केले. एक्केचाळीस. त्यांनी वजाबाकी पुन्हा केली. मग जाऊन खडूचे आकडे पाहून आले.

"काट्यात काहीतरी गडबड आहे."

"सकाळी तुम्हीच पास केलेत, साहेब."

"काटा बरोबर आहे," चंद्रभागाबाई पुढच्या आसनावरून म्हणाल्या. "गुरुवारी दवाखान्यात एवढंच भरलं. तुम्ही खाली औषधं आणायला गेला होतात."

रामदासांनी एक्केचाळीस लिहिले. त्यापुढे अधिक सात लिहिले.

"सात किलो वाळू तुझ्या पायाशी ठेवू. बेरीज तीच राहील."

"परवान्याला किती दिवस?"

"पुढच्या महिन्यात तपासणी. मग कागद दिल्लीला. आठ महिने. वर्षही लागेल."

चंद्रभागाबाई समोर पाहत राहिल्या. शेडच्या दारातून शेत दिसत होते आणि त्यापलीकडे प्लॉट पाडून रोवलेले चुना फासलेले दगड. त्यांनी समोरची दांडी हलकेच मागे ओढली. मागे शेपटाची पट्टी वर उचलली गेली आणि दांडी सोडताच खाली आली.

"तक्त्यातली खालची ओळ कोरी का आहे?"

वरच्या ओळीत लिहिले होते, 'दोघे'. खालच्या ओळीत, 'चालक एकटा'. तिच्यापुढे चौदा वर्षांत काही लिहिलेले नव्हते.

"ती लागणार नाही."

"अपुरा कागद परत येतो, असं तुम्हीच सांगता."

"मी एकटा जाणार नाही, चंद्रा."

"अहो, एकदा शिवलेलं इथं पडून कुजलं. दुसऱ्यांदाही तेच करायचं आहे का? टाके वर टिकतात की नाही, ते तरी कळू द्या."

रंगराव घमेले शोधायला शेडबाहेर गेले. घमेले दारातच होते.

चंद्रभागाबाईंनी डब्याच्या पिशवीतून एक घडी काढून रामदासांच्या हातात दिली. पंखांच्या उरलेल्या कापडाची थैली होती. रुंदी आसनाइतकी, तोंडाला नाडी, दोन्ही बाजूंना आसनाचा पट्टा ओवण्यासाठी फासे. रामदासांनी ती उजेडात धरून शिवण पाहिली. टाके दुहेरी होते आणि सगळे एका मापाचे. दिवाळीपासून चंद्रभागाबाईंच्या हाताला कंप होता. म्हणजे थैली त्याआधीची होती.

 त्यांनी पत्नीला दोन्ही हातांनी उचलून बाहेर घेतले आणि खुर्चीवर बसवले. यासाठी काट्याची गरज पडली नाही.

थैली आसनावर ठेवली, पट्टा फाशांतून ओवला. पट्ट्याचे भोक बदलावे लागले नाही.

रंगराव घमेले घेऊन आले. घमेल्याचे वजन वजा करून त्यांनी त्यात बरोबर आठ किलो वाळू भरली. अशी सहा लागणार होती. पहिले घमेले त्यांनी थैलीत ओतले, रामदासांकडे पाहिले आणि आठवणीने, स्पष्ट आवाजात म्हणाले, "एक."

रामदास तक्त्यावर वाकलेले होते. पेन खालच्या ओळीवर टेकले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"लाभ म्हणा, रंगराव."