आबासाहेबांचा कौल

आबासाहेबांच्या पुतळ्यावरचं कापड सरलं, टाळ्या वाजल्या, आणि केशर हातात तांब्या घेऊन थेट चौथऱ्यावर चढली.

कालपासून तिनं पाणीही घेतलं नव्हतं. किंजळीच्या झाडाखालच्या राखणदार देवाला दिवा लावल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, हे तिचं रोजचं व्रत. काल ती आली तेव्हा किंजळ तोडलेली होती. राखणदाराचा पाषाण कॉलेजच्या पाण्याच्या टाकीमागं सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवर आडवा पडला होता. त्याच्या जागी हा चौथरा.

आबासाहेबांनी कॉलेज काढलं; ते गेल्यावर मुलगा दत्तप्रसाद अध्यक्ष झाला. तो हसत पुढं आला. देवाला पुढच्या वर्षी संगमरवरी देऊळ बांधू, आज तालुक्याहून, जोयड्याहून साहेबलोक आलेत, खाली उतरा, असं त्यानं समजावलं.

"हलवताना कौल लावला व्हता?" केशरनं विचारलं.

"आता कौल कसला, मावशी? जागा संस्थेची आहे."

जागा गावानं दिली होती. पाषाणावर हात ठेवून आबासाहेबांनी शब्द दिला होता, की कॉलेज होईल, पण देव आणि झाड जागचं हलणार नाही. तो शब्द ऐकलेली म्हातारी माणसं आज मांडवात खाली मान घालून बसली होती.

केशरचा आवाज चढला नाही. पदरातल्या जास्वंदीच्या दोन पाकळ्या तिनं तांब्यात भिजवल्या आणि पितळी आबासाहेबांच्या छातीवर चिकटवल्या, एक उजवीकडं, एक डावीकडं. देवाला लावायचा कौल माणसाला लावलेला कुणी पाहिला नव्हता.

"आबा, देवाच्या जागी उभं ऱ्हायलासा, तर देवागत बोला. शब्द पाळला असंल तर उजवी पाडा. मोडला असंल तर डावी."

दत्तप्रसादचा हात पाकळ्यांकडं गेला.

"हात लावू नकोस रं," मांडवातून म्हादूआजा म्हणाला. "कौल लागलाय."

हात तसाच मागं आला. पाकळी आपणहून पडेपर्यंत तिला शिवायचं नाही आणि जागेवरून उठायचं नाही, हे त्यालाही लहानपणीच शिकवलेलं.

ऊन चढलं. पाहुणे घड्याळं बघू लागले. गावातलं कुणी उठेना. केशरनं चौथऱ्यावर मांडी घातली. भरला तांब्या शेजारी होता, त्याला तिनं तोंड लावलं नाही.

तापलेल्या पितळेवर पाकळ्या घट्ट वाळत चालल्या होत्या; एकही सुटत नव्हती.