पहिला पाहुणा

"हे मासे खाता का तुम्ही लोक?" निळ्या टोपीवाल्याने विचारलं. त्याचे दोघे सोबती हसले.

मिसेस मियाके लाकडी पुलावर थांबल्या. ओहायोतल्या त्या गावात जपानी बाग झाल्यापासून दर शनिवारी दुपारी त्या नवख्या लोकांना ती हिंडून दाखवत. तळं, दगड, झाडं आणि शेवटी चहाची खोली.

"नाही," त्या म्हणाल्या. "हे नुसते बघायचे."

"आमचा मोटारींचा प्लांटही आता नुसता बघायचाच राहिलाय. तुमच्या गाड्या आल्या, आमच्या गेटला कुलूप लागलं. आणि गावाने काय केलं? बाग केली."

"माझ्या कुठल्या गाड्या? मी इथलीच. नदीपलीकडे जन्मले."

"जन्म कुठला ते मी विचारलं नाही," टोपीवाला म्हणाला. आवाज अजिबात चढला नव्हता.

सुनेत्रा नवऱ्याच्या, पुरुषोत्तमच्या, मागे उभी होती. मेपलच्या झाडाखाली दगडी बुद्ध आहे असं कळल्यावर ती त्याला घेऊन आली होती. मघाशी तिने मूर्तीपुढे हात जोडले तेव्हा त्या तिघांतला एक जण तिच्याकडे टक लावून बघत होता. नागपूर सोडल्यापासून कुणी असं बघितलं नव्हतं.

पूल ओलांडताना घोळक्यातल्या म्हाताऱ्या जोडप्याला ऊन सोसेनासं झालं. ते परत फिरले. दोन शिक्षिकांना बस आठवली. तान्ह्या मुलाची आई बाबागाडी वळवून निघून गेली. सुनेत्रा सगळ्यांच्या पाठमोऱ्या आकृत्या बघत राहिली. लहानपणी शाळेत ती बाकावर बसली की शेजारच्या मुली अशाच उठायच्या. भांडण नाही, तंटा नाही. प्रत्येकीला एकदम दुसरीकडे काहीतरी काम निघायचं.

पुढे पांढरी खडी रेघा ओढून सारखी केली होती. सोबत्यांपैकी धाकटा सरळ तिच्यात शिरला. त्याने मुठीएवढा गोटा उचलला आणि तळहातावर उडवत, झेलत चालू लागला.

"तो जागेवर ठेवाल का?" मिसेस मियाकेंनी विचारलं.

"ठेवीन ना. कुठे ठेवायचा ते बघतो."

चहाची खोली बागेच्या अगदी टोकाला, बांबूंच्या आड होती. तिथून तिकिटाची खिडकीसुद्धा दिसत नव्हती. दार इतकं बुटकं की वाकून, गुडघ्यांवर सरकतच आत जायचं. मिसेस मियाके आत गेल्या. ते तिघे बाहेर बूट न काढता उभे राहिले.

पुरुषोत्तमने सुनेत्राचा दंड धरला. "चल. पुरे झालं."

"आणि त्या?"

"त्यांचं हे रोजचंच असेल. तू यात पडू नकोस. माझ्या ऑफिसातले लोक मलाच विचारतात, तू जपानी की काय म्हणून. रागात असले ना, की यांना सगळे सारखेच दिसतात."

"म्हणूनच म्हणते. अहो, तुम्ही बागेच्या ऑफिसात जा, कुणाला तरी घेऊन या. पोलिसांना फोन करायला सांगा. मी आत बसते."

"सुनेत्रा, डोकं फिरलंय का तुझं?"

तिने चपला काढल्या. पुरुषोत्तम ऑफिसच्या दिशेने धावत सुटला. ती वाकून आत सरकली.

आत किटली सूं सूं करत होती. मिसेस मियाकेंनी तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही गेलात तरी चालेल," त्या हळूच म्हणाल्या.

"मला चहा हवाय."

मागोमाग ते तिघे आले. बुटांसकट. चटईवर चिखल उमटला. शेवटच्याने मागे हात घालून दार सरकवलं.

"ते उघडं असू दे," मिसेस मियाके म्हणाल्या.

"थंडी वाजते," तो म्हणाला. ऑगस्ट चालू होता. खोलीत आता कागदी खिडकीतून येईल तेवढाच उजेड उरला. धाकट्याने गोटा गुडघ्याजवळ ठेवला, पण वरचा हात काढला नाही.

मिसेस मियाकेंनी हात पुसले. पदर सारखा करावा तशी बाही सारखी केली आणि त्या बोलू लागल्या. पुलावर बोलत होत्या त्याच आवाजात. "माझ्याजवळची ही जागा पहिल्या पाहुण्याची. तो जसं करील, तसं बाकीच्यांनी करायचं. आज दाट चहा आहे. तो सगळ्यांनी एकाच वाडग्यातून प्यायचा."

टोपीवाला पुढे सरकला. पण त्या जागेवर सुनेत्रा बसली होती.

"ऊठ," तो म्हणाला.

सुनेत्रा उठली नाही. मिसेस मियाकेंनी हिरवी भुकटी वाडग्यात घातली, पाणी ओतलं आणि बांबूच्या काडीकुंच्याने सावकाश घोटली. वाडगा दोन्ही हातांनी सुनेत्रापुढे ठेवला.

चहा कडू होता, पालेभाजीच्या पाण्यासारखा. सुनेत्रा घोटभर प्यायली. दिलेल्या फडक्याने तिने कड पुसली. बाहेर कुणाचीच चाहूल नव्हती.

मग ती वळली आणि दोन्ही हातांनी वाडगा टोपीवाल्यापुढे धरला.

त्याने वाडग्याकडे पाहिलं. जिथे तिचे ओठ लागले होते त्या कडेकडे पाहिलं. शेजारी गोटा चटईवरून हळूच उचलला गेला.

टोपीवाल्याचे हात मांडीवरच होते. सुनेत्राचे हात भरून आले. तिने ते मागे घेतले नाहीत.