कुठून आणलास?

“पोटात काय गेलंय तेवढं सांगा,” डॉक्टरीणबाई दुसऱ्यांदा म्हणाल्या. “रडायचं ते नंतर रडा.”

सून भिंतीला टेकून उभी होती. पडद्याच्या फटीतून सासऱ्यांचे पाय दिसत होते. मधूनच ते झटका देत होते. छातीतून घरघर येत होती, नळाला पाण्याआधी हवा येते तशी. नर्स तोंडातली लाळ नळीने ओढत होती आणि लाळ काही संपत नव्हती.

सासूबाई बाकावर ताठ बसल्या होत्या. रस्ताभर त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू होता. गाडीवाल्याला “तुझ्यापेक्षा बैल बरा” म्हणून झालं होतं. दवाखान्याच्या शिपायाची अक्कल काढून झाली होती. आता त्या सुनेच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या.

“गांजा,” सून म्हणाली. “पानं तेलात कढवून देते. चमचाभर. दुखणं हाडांत उतरलंय त्यांच्या, गोळ्यांनी भागत नाही. याने डोळा तरी लागतो.”

नर्सने वर बघितलं आणि लगेच मान खाली घातली. डॉक्टरीणबाईंच्या कपाळावरची आठीसुद्धा हलली नाही.

“नुसत्या गांजाने असं होत नाही. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात. अंगाला घामाच्या धारा लागल्यात. हे कसलं तरी विष आहे, त्यात मिसळलेलं. कुठून आणलात?”

सुनेने पडद्याकडे बघितलं.

“सांग की!” सासूबाई कडाडल्या. “नाक्यावरून आणलास ना? टपरीमागे तो दातपडका उभा असतो, त्याच्याकडून? ती माणसं त्यात काय काय कालवतात! म्हण, तिथूनच आणला.”

“आई, हळू…”

“हळू कसलं? तोंडाने म्हण एकदा!”

बाहेरच्या बाकांवरची माणसं माना उंचावून बघू लागली. ज्या बाईने जन्मभर घरातली भांडणंसुद्धा खिडक्या लावून केली, ती आज परक्या माणसांसमोर सुनेला गांजाचा पत्ता विचारत होती.

“आधी आणायचे तिथून,” सून म्हणाली. “एकदा बाबांना दिवसभर उलट्या झाल्या. छाती अशी धडधडायला लागली की मला वाटलं, गेलेच. पुडीत काय होतं देव जाणे. आणि तो मेला पुडी देताना हात सोडायचा नाही. मग बंद केलं.”

“मग दुसऱ्या कुणाकडून आणलास.” सासूबाईंचा आवाज चिरकला. “कुणाकडून तरी आणलाच असशील ना!”

“नाही आई. विकत घेतलाच नाही. बी लावलं. गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे. खत नाही, काही नाही, नुसतं पाणी. म्हटलं, आपल्या हातचं आहे, भीती नको. फक्त बाबांना ठाऊक होतं. तेच म्हणाले, सासूला कळू देऊ नकोस, ती घर डोक्यावर घेईल.” तिला धाप लागली. “कालपासून झाडाने मान टाकली. वाया जाईल म्हणून आज सगळी पानं तोडून कढवली. बाबा म्हणाले, फार कडू लागतंय. कडू तर ते नेहमीच लागतं. मी म्हटलं, घ्या डोळे मिटून. आणि दुसरा चमचा दिला.”

“मग विष आलं कुठून?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “प्रत्येक विषाचा उतारा वेगळा असतो. अंदाजाने टोचत बसले तर माणूस हातचा जाईल.”

पडद्यामागची घरघर थांबली. नर्सने जोरात हाक मारली. डॉक्टरीणबाई वळल्या. सून तोंडावर हात दाबून मटकन खाली बसली. “माझ्याच हाताने,” एवढंच तिच्या तोंडून येत होतं, “माझ्याच हाताने.”

सासूबाई उठल्या. तोल गेला म्हणून त्यांनी सुनेचा खांदा धरला. मार बसणार असं वाटून सुनेने मान आत घेतली. पण सासूबाई तिच्याकडे बघतच नव्हत्या.

“ढेकणाचं औषध आहे ते, बाई,” त्या डॉक्टरीणबाईंच्या पाठीला म्हणाल्या. “परवा मीच ओतलं झाडावर. मला वाटलं, सून गांजा ओढते. तिला विचारायची लाज वाटली.”